एटी टायर घातले की पिकअपचा ट्रॅक्टर होतो?

‘एटी टायर घालताय? आधी हे वाचा!’ अशा थाटाचा एक मेसेज पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर फिरून फिरून येतो. टोयोटाची नवीन हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप घेणाऱ्याला तर तो पेढ्यांच्या आधी मिळतो. मजकूर साधारण असा: एटी (ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या रस्त्यांसाठीचे) टायर घातले की ऐंशीच्या पुढे केबिनमध्ये बोलणं ऐकू येत नाही, गाडीचा ट्रॅक्टर होतो. मागचा भाग उडतो तो या टायरांमुळेच. उपाय म्हणून हवेचा दाब पंचवीस पीएसआयवर आणा आणि नायट्रोजन भरा, धक्का निम्मा होतो. घ्यायचेच असतील तर दहा प्लायचे घ्या. सुरुवातीचा आवाज दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये ‘बसतो’. टायरच्या लेबलवर डेसिबल छापलेले असतात, ते बघून शांत टायर निवडा. आणि शेवटी, गाडी नव्वद टक्के वेळ डांबरावर असेल तर एटी घेऊच नका.

यातलं काही खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे, आणि हवेबद्दलचा सल्ला धोक्याचा आहे.

‘ऐंशीच्या पुढे बोलणं ऐकू येत नाही’

एटी टायर कंपनीच्या एचटी म्हणजे हायवे टेरेन टायरपेक्षा जास्त आवाज करतं, यात वाद नाही. नक्षीचा एकेक ठोकळा रस्त्यावर आपटतो आणि खाचेत कोंडलेली हवा दाबली जाऊन बाहेर फेकली जाते. ठोकळे मोठे आणि खाचा रुंद झाल्या की दोन्ही वाढतं. हिशेब करून बघा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. एक ठोकळा त्याच्या खाचेसकट साडेतीन सेंटिमीटरचा धरला तर सेकंदाला सहाशेच्या वर ठोके पडतात. हा सूर माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यातच येतो, म्हणून तो गप्पांच्या आड येतो.

पण सगळे ठोकळे एका मापाचे असले तरच त्याचा एकसुरी घोंघाट होतो. दुकानात चांगल्या एटी टायरजवळ मोजपट्टी घेऊन बसा. शेजारशेजारचे ठोकळे एकसारखे नसतात: एक लांब, पुढचा जरा आखूड, मग मधलाच कुठला तरी. हा क्रम मुद्दाम मोडलेला असतो. त्यामुळे ठोके एकाच सुरात साचत नाहीत, पसरतात. आवाजाची ताकद फारशी कमी होत नाही, पण कानाला भुणभुण न वाटता रस्त्याची सळसळ वाटते. दोन कंपन्यांच्या एटी टायरांत जो जमीन-अस्मानाचा फरक लोक सांगतात, त्यातला बराचसा इथे आहे. तेव्हा ‘एटी’ ही दोन अक्षरं बघून आवाजाचा अंदाज बांधता येत नाही.

मेसेजमध्ये केलेलं वर्णन खरं तर एमटीला, मड टेरेनला, लागू पडतं: बोटं घालता येतील एवढ्या खाचा आणि खांद्यावर आडवे सुटे ठोकळे. फोटोही बहुतेक वेळा त्याचाच जोडलेला असतो.

आणखी एक गंमत. एटी टायर एकटे येत नाहीत. त्याच महिन्यात छतावर रॅक चढतो, पुढे बंपर बदलतो, कुणी स्नॉर्कल (इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणारी नळी) लावतं. मग शंभरच्या वेगाला जे घोंगावतं त्याचं सगळं बिल टायरांच्या नावावर फाटतं. शंभरच्या पुढे पिकअपसारख्या चौकोनी गाडीत वाऱ्याचाच आवाज वरचढ असतो. रॅक काढून एकदा तोच रस्ता त्याच वेगाने चालवून बघा.

रस्ताही विसरू नका. काँक्रीटवर पाणी साचू नये आणि पकड मिळावी म्हणून पृष्ठभागावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात, त्या एचटीलाही गायला लावतात. समृद्धी महामार्ग हा ७०१ किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता. नवीन एटी टायरांची पहिली चाचणी तिथे घेतली तर निकाल टायरचा कमी आणि रस्त्याचा जास्त लागेल. चांगल्या डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या पुलावर चढताना कान देऊन ऐका: टायर तेच, वेग तोच, आवाज मात्र बदललेला.

‘मागचा भाग उडतो तो एटीमुळे’

या मुद्द्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबू.

टोयोटाची फॉर्च्युनर आणि हायलक्स एकाच घराण्यातल्या गाड्या आहेत, सांगाडा मुळात एकाच कुळातला. फॉर्च्युनर फोर बाय फोरला २६५/६० आर १८ (रुंदी मिमीत, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) हे टायर येतं आणि हायलक्सच्या वरच्या मॉडेललाही तेच माप. म्हणजे दोन्ही कंपनीतून एकाच मापाच्या टायरांवर बाहेर पडतात. तरीही रिकामी हायलक्स गतिरोधकावर मागून जशी आदळते तशी फॉर्च्युनर आदळत नाही. कारण फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग आहेत आणि हायलक्सला पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. इसुझूच्या घरातही हाच प्रकार: एमयू-एक्सला मागे कॉइल, व्ही-क्रॉसला पाटे. माणसं बसवायची गाडी आणि माल भरायची गाडी यांत कंपन्यांनी स्वतःच स्प्रिंग बदलले आहेत.

पाटे हौद्यात माल असेल हे गृहीत धरून बसवलेले असतात. हौदा रिकामा असला की त्यांच्यावर वाकण्याइतकं वजनच नसतं. त्यात एकावर एक पानं घासत असल्यामुळे छोट्या खड्ड्यात पाटा हलायलाच तयार नसतो. धक्का थेट सांगाड्यात जातो. पावसाळ्यात चिखल-पाणी जाऊन पानांमध्ये गंज धरला की हे आणखी वाढतं आणि कुरकुरही सुरू होते. शंभरेक किलो वजन हौद्यात मागच्या धुरीच्या वर नीट बांधून ठेवा आणि तोच रस्ता पुन्हा चालवा. टायर न बदलता गाडी बरीच शांत झालेली जाणवेल. (बांधून म्हणजे खरंच बांधून. सुटी पोती ब्रेक मारल्यावर केबिनच्या पाठीवर येतात.)

मग एटीचा यात काहीच हात नाही का? आहे, पण नक्षीचा कमी आणि टायरच्या बांधणीचा जास्त. एकाच मापात साधी बांधणी आणि एलटी, म्हणजे हलक्या ट्रकची बांधणी, यांच्या वजनात चाकामागे चार-पाच किलोंचा फरक सहज पडतो. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की चाक खड्ड्यातून उसळतं आणि लवकर शांत होत नाही. साध्या बांधणीचं एटी घेतलं तर हा दोष पुष्कळसा टळतो. बाजारात दोन्ही मिळतात, दुकानदार मात्र दोन्हींना ‘एटी’च म्हणतो.

आराम हवाच असेल तर मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट सांगतो. हायलक्सच्या साध्या मॉडेलला २६५/६५ आर १७ येतं. आकडेमोड केली तर १८ इंची चाकाचा बाहेरचा व्यास ७७५ मिमी आणि १७ इंचीचा ७७६. चाकं सारखीच, पण १७ इंचीमध्ये रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १३ मिमी रबर जास्त. ब्रेकला रिम बसते का हे तपासून १७ इंचीवर उतरलात तर छोट्या खड्ड्यांत फरक कळतो, आणि स्पीडोमीटरही बिघडत नाही. दिसायला अठराच बरे, हे मान्य.

‘हवा पंचवीसवर आणा, नायट्रोजन भरा’

हवा कमी केली की धक्का मऊ लागतो, हे खरं. म्हणूनच हा सल्ला पसरतो. पण महामार्गावर कमी हवेचं टायर दर फेऱ्याला जास्त वाकतं, वाकलं की तापतं, आणि उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या काँक्रीटवर भर दुपारी शंभरच्या वेगाने तापलेलं टायर काय करतं हे रस्त्याच्या कडेला पडलेल्या रबराच्या चिंध्या सांगतात. शिवाय कमी हवेत टायरचे दोन्ही खांदे खाल्ले जातात आणि एटीचे आवाज करणारे मोठे ठोकळे नेमके खांद्यावरच असतात. म्हणजे आज धक्का कमी करायला हवा सोडायची आणि सहा महिन्यांनी वाढलेला आवाज ऐकायचा.

हवा किती ठेवायची ते चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं; माल वाहणाऱ्या गाडीला बहुधा रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन अवस्थांचे आकडे असतात. बरेच लोक भरलेल्या गाडीचा आकडा रिकाम्या गाडीत ठेवतात आणि मग टायर कडक म्हणून कुरकुरतात. आधी हे तपासा. हवा सकाळी टायर थंड असताना मोजायची. एलटी टायर घातले असतील तर मात्र तेवढंच वजन पेलायला त्यांना जास्त हवा लागते, तिथे स्टिकरचा आकडा जसाच्या तसा चालत नाही. चिखलात किंवा वाळूत हवा उतरवणं वेगळं; तिथे वेग बैलगाडीचा असतो आणि बाहेर आल्यावर पुन्हा हवा भरायची असते.

नायट्रोजनबद्दल एवढंच: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेला भरून धक्का निम्मा होत नाही.

‘दहा प्लाय घ्या’

टायरच्या कडेला लिहिलेलं ‘१० प्लाय’ हे आत दहा थर असल्याचं मोजमाप नाही, ताकदीची श्रेणी आहे. तिलाच लोड रेंज ई म्हणतात. उदाहरणार्थ, या श्रेणीतलं एलटी २६५/७० आर १७ टायर १२१ लोड इंडेक्सचं (एक टायर किती वजन पेलतं त्याचा क्रमांक) असतं: १४५० किलो, पण तेही ८० पीएसआय हवेला. २६५/६० आर १८ हे साधं टायर ११० इंडेक्सचं, म्हणजे १०६० किलो. चार टायरांचे ४२४० किलो झाले, आणि तुमची पिकअप माणसं-सामानासकट तीन टनांच्या आसपास. वजनासाठी दहा प्लायची गरज कुठे आहे?

गरज असते ती कडेच्या भिंतीला. खाणीत, क्रशरवर, ताज्या फोडलेल्या काळ्या दगडाच्या कच्च्या रस्त्यावर रोज गाडी घालणाऱ्याने जाड भिंतीचं टायर घ्यावंच. टायर चिरून रानात उभं राहण्यापेक्षा धक्के परवडले. पण पुण्याहून शनिवारी ताम्हिणीला जाणाऱ्याने दहा प्लाय घेणं म्हणजे आठवडाभर कडक गाडी विकत घेणं. याच मेसेजमध्ये वर आरामाची तक्रार आणि खाली दहा प्लायची शिफारस आहे. लिहिणाऱ्याने ती एकदा तरी सलग वाचायला हवी होती.

‘सुरुवातीचा आवाज बसतो’

उलट होतं. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये रबराचे केस आणि साच्याची चकाकी जाते, तेवढा किरकोळ फरक पडतो. पुढे मात्र आवाज वाढतच जातो. नवीन एटीची नक्षी सुमारे १० ते १२ मिमी खोल असते, एचटीपेक्षा जास्त. उंच ठोकळा रस्त्याला टेकताना वाकतो आणि सुटताना घासला जातो, त्यामुळे त्याची एक कड दुसरीपेक्षा लवकर झिजते. गाडी उभी करा आणि टायरच्या खांद्यावरून हात फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीचे दाते लागल्यासारखं जाणवलं तर तुमचा आवाज तिथून येतोय.

यावर उपाय कंटाळवाणा आहे: दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची टायरं मागे आणि मागची पुढे लावायची, त्याच वेळी अलाइनमेंट बघायचं. स्टेपनीही त्याच मापाची आणि नक्षीची असेल तर तिलाही फिरतीत घ्यावं. एकदा खोल दाते पडले की अदलाबदलीनंतर काही दिवस आवाज उलट जास्त येतो. लोक घाबरून पुन्हा जुन्या जागी टायर लावतात. तसं करू नका.

आणि दरवेळी टायरच दोषी नसतं. व्हील बेअरिंग गेलं तरी असाच घरघराट येतो. मोकळ्या रस्त्यावर ऍक्सिलरेटर सोडा: आवाज इंजिनाबरोबर न उतरता गाडीच्या वेगाबरोबर उतरला, तर टायर किंवा बेअरिंग. मग लांबट वळणावर गाडी एका बाजूला कलली की आवाज वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला, तर आधी बेअरिंग दाखवून घ्या. टायरचा आवाज वळणाने सहसा एवढा बदलत नाही.

‘लेबलवरचे डेसिबल बघा’

बघा, पण ते काय मोजतात हे कळून. युरोपच्या लेबलवरचा आकडा गाडीच्या बाहेरचा असतो. इंजिन बंद ठेवून गाडी ताशी ८० च्या आसपास माइकसमोरून घरंगळत नेतात आणि साडेसात मीटरवरून आवाज मोजतात. उद्देश रस्त्याकडेच्या घरांना त्रास होऊ नये हा आहे. भारतातल्या एआयएस-१४२ या मानकातही टायरचा रस्त्यावरचा आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि घरंगळण्याचा विरोध येतो; नव्या डिझाइनच्या टायरांना ते ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालं. यातला कुठलाच आकडा तुमच्या केबिनमध्ये मोजलेला नाही. तिथे काय ऐकू येईल हे दरवाज्यांची रबरं, फरशीखालचं अस्तर आणि सांगाड्याची रबरी बुशं ठरवतात. ७१ आणि ७४ यांत कागदावर ध्वनिशक्ती दुप्पट होते, पण कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. लेबलची तुलना एकाच मापाच्या दोन टायरांत करा, त्यापलीकडे नाही.

आता मेसेजचा एक भाग मी खोडत नाही. गाडी नव्वद टक्के वेळ डांबरावर असेल तर एटी घेऊच नये, असं त्यात शेवटी म्हटलंय, आणि ते बरोबर आहे. पावसात घाट उतरताना ओल्या डांबरावर चांगलं एचटी लवकर थांबतं. आणि ज्या काळ्या मातीसाठी लोक एटी घेतात ती दोन-चार फेऱ्यांत खाचा भरून टाकते. मग ठोकळे असून नसल्यासारखेच. एटीचा खरा उपयोग मुरुमाच्या, खडीच्या आणि सुट्या दगडाच्या रस्त्याला.

बदलणार असाल तर काढलेली कंपनीची टायरं दुकानदाराला त्याच दिवशी देऊन टाकू नका. तो एक्स्चेंजमध्ये जे देतो ते फारसं नसतं, आणि महिनाभर चालवल्यावर आवाज नाहीच सहन झाला तर परत जायला वाट राहते. ठेवायची तर सावलीत, कोरड्या जागी, आणि पाण्याच्या मोटारीपासून लांब. चालणाऱ्या विजेच्या मोटारीजवळ ओझोन तयार होतो, त्याने रबराला बारीक तडे जातात.