"पाला पडला तर खत होतं" वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

आधी हा मेसेज मावशीने टाकला, मग राहुरीच्या आमच्या बॅचच्या ग्रुपवर दोनदा आला आणि काल मामांनी "बघ गं, तुझ्याकडचं आहे" म्हणून मला वेगळा पाठवला. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच चिकटवेन.

मेसेज थोडक्यात असा. उत्तर भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांचं गुपित! १ ऑक्टोबरला एकाच दिवशी फ्लॉवर, मटार, गाजर, मुळा, पालक, बटाटा, कांदा सगळं लावून टाका. ६० दिवसांत सगळं तयार. थंडीत कीड-रोग नसतो, औषधाचा खर्च शून्य. पाला पडला तर घाबरू नका, हलकं पाणी द्या, त्याचं खत होतं. एका बिघ्यात २ लाख. महाराष्ट्रातही हाच तक्ता चालतो.

मी मूळची निफाडकडची, लग्न होऊन हरियाणातल्या कर्नाल जिल्ह्यात घरौंड्याजवळ आले त्याला नऊ वर्षं झाली. सासऱ्यांचे तीन किल्ले आहेत. (रायगड-प्रतापगड नाही हो, इकडे एकराला किल्ला म्हणतात. एका किल्ल्यात ८ कनाल, आणि एक कनाल म्हणजे बरोबर आपले ५ गुंठे.) त्यातला एक किल्ला भाजीचा, बाकी भात-गहू. तेव्हा तज्ज्ञ वगैरे काही नाही पण या भाजीत हात घातलेले आहेत.

सुरुवात पाल्यापासूनच करते कारण तो वाचून मी एकटीच किचनमध्ये हसत होते. मूळ मेसेज हिंदी असणार हे यावरूनच कळतं. हिंदीत पाला पडणे म्हणजे दव गोठणे, आपल्याकडे ज्याला दहिवर म्हणतात तसलं. ते कुणीतरी जसंच्या तसं मराठीत उचललं, मग मराठीत पाला म्हणजे पानं, पानं पडली म्हणजे खत होणार, म्हणून पुढचं वाक्य पदरचं घातलं! म्हणजे रात्रीत पीक जाळणाऱ्या गोष्टीचं खत करून टाकलं.

खरा पाला काय असतो ते सांगते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारी, आभाळ स्वच्छ, वारा पूर्ण पडलेला, संध्याकाळीच सासरे अंगणात उभे राहून वर बघतात आणि म्हणतात आज पडणार. सकाळी बटाट्याच्या पानांवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दिसतं, बघायला छानच वाटतं, आणि ऊन चढलं की तीच पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी मऊ पडतात, दुपारपर्यंत काळी. मटार फुलात किंवा कोवळ्या शेंगेत असेल तर तोही जातो. टोमॅटो, मिरची, वांगं, ढोबळी यांना तर उघड्यावर ठेवूच नये, म्हणून ढोबळीवाले तारेच्या कमानी रोवून त्यावर प्लास्टिक ओढतात, लो टनल म्हणतात त्याला, नाहीतर जुने लोक रोपांच्या उत्तरेकडून सरकंड्याचे ताटवे उभे करतात. कोबी, फ्लॉवर, पालक, गाजर मात्र बऱ्यापैकी सोसतात. हलकं पाणी द्या हे मेसेजमधलं खरं आहे, ओली जमीन उशिरा थंड होते आणि ट्यूबवेलचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. पण ते त्या रात्रीच्या आधी द्यायचं, आणि लाईटीचा नंबर पहाटे असेल तर बसा हात चोळत.

आता मुख्य मुद्दा, १ ऑक्टोबरला सगळं एकदम.

यात पालक, मेथी, मुळा, आपलं लाल देशी गाजर हे चालतं, वाद नाही. लवकरचा बटाटाही इकडे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावतात. पण फ्लॉवर? फ्लॉवर हे एक पीक समजणं हीच पहिली चूक. उत्तरेच्या मैदानात फ्लॉवरचे निदान तीन-चार गट आहेत आणि प्रत्येकाला गड्डा धरायला वेगळी थंडी लागते. लवकरच्या जाती २०-२५ अंशाच्या आसपास गड्डा धरतात, त्यांचं रोप मे-जूनमध्ये टाकून जुलैत लागण होते. मधल्या जाती त्याच्या पुढे, ऑगस्ट-सप्टेंबरात, काही ऑक्टोबरात. आणि स्नोबॉल गट, म्हणजे पुसा स्नोबॉल के-१ वगैरे, ते पांढरेशुभ्र घट्ट गड्डे जानेवारी-फेब्रुवारीत दिसतात ना ते, त्यांना १० ते १६ अंश लागतात, त्यांचं बी गादीवाफ्यावर टाकायचं तेच मुळी ऑक्टोबरच्या आसपास आणि रोप शेतात जातं नोव्हेंबरात. आता उलटसुलट केलं की काय होतं? उशिराची जात लवकर लावली तर पानंच पानं, गड्डा धरतच नाही, गुरांना चारा. लवकरची जात उशिरा लावली तर रोप लहान असतानाच थंडी लागते आणि गड्डा बटणाएवढा येऊन थांबतो.

हे पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या दुसऱ्याच वर्षी एका दुकानदाराने सुटं बी दिलं, पाकीट नाही, बिल नाही, "लेट वाली है, बेफिक्र रहो." आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन कनालात लावली. डिसेंबरच्या मध्यावर सासूबाईंनी एक पान बाजूला करून मला आत दाखवलं, लिंबाएवढा गड्डा, आणि तोही फुटून सैल झालेला. रांगेत पुढे गेलो, तेच. दहा गुंठे बटणं! म्हणजे बी लवकरच्या जातीचं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त त्या आठवड्यात रोज गोबीचे पराठे झाले, आतलं सारण त्याच बटणांचं.

कांद्याचं तर विचारूच नका. उत्तरेत रब्बी कांद्याचं बीच ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टाकतात, रोप शेतात जातं डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत, आणि काढणी एप्रिल-मे. १ ऑक्टोबरला लावून टाका म्हणजे काय लावून टाका, पात? आणि लवकर लागण झाली की मोठ्या रोपाला थंडी लागते आणि डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, येतात, हे तर आमच्या निफाडकडच्या पोरालाही माहीत असतं.

मटार १ ऑक्टोबरला लावणारे आहेत, अर्केलसारखी लवकरची जात घेऊन, पण तो भावासाठी खेळलेला जुगार असतो. तेव्हा इथे दिवसा ३२-३३ अंश असतात, गरम जमिनीत मर लागते, म्हणजे रोपं सुकून मरतात. सावध माणूस ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य धरतो.

आणि एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आली नाही, ती म्हणजे १ ऑक्टोबरला जमीन रिकामी असते का? इकडे भात उभा असतो. लवकरचा भात सप्टेंबरअखेर निघतो, उशिराचा बासमती नोव्हेंबरपर्यंत जातो. त्यानंतर ती चिखलणी केलेली जमीन, वरून भेगा आणि खाली पाटा म्हणजे घट्ट थर, वाफसा (पेरणीजोगा ओलावा) यायलाच दिवस लागतात. त्यात घाईने गाजर पेरलं तर गाजर दोन तंगड्यांचं निघतं.

६० दिवसांचं पटकन उरकते. पालक महिन्याभरात पहिली कापणी देतो, मुळा दीड महिन्यात, अर्केल मटारची पहिली तोड ६०-६५ दिवसांनी, गाजर तीन महिन्यांच्या आसपास, बटाटा अडीच ते साडेतीन महिने. कांदा वर सांगितलाच.

थंडीत कीड-रोग नसतो, हे वाक्य मात्र मजेशीर आहे कारण ते अर्धं खरं आहे. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर बटाट्यावर मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) खरंच कमी असतो, आणि मावा विषाणू पसरवतो, म्हणून केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने बियाण्याच्या बटाट्याची अख्खी पद्धतच या थंडीच्या खिडकीवर बसवली. १०० पानांवर २० मावा दिसायच्या आत झाडाची पालवी कापून टाकायची. (हा मात्र मराठी पाला!) पण ते माव्यापुरतं आणि त्या दोन-तीन महिन्यांपुरतं. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेकडून ढग आले, दोन-तीन दिवस सूर्य नाही, धुकं, पानं दिवसभर ओली, की उशिराचा करपा येतो. पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखा डाग, सकाळी पान उलटं केलं तर डागाभोवती पांढरी बुरशी, आणि आठवड्याभरात शेताला कुजका वास. १८४५ ला आयर्लंडमध्ये ज्याने दुष्काळ पाडला तोच हा रोग. त्याला आधीच मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारावं लागतं, दिसल्यावर मारलं तर अर्धा उशीर झालेला असतो. शिवाय मटारवर भुरी (पानांवर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीचा रोग), फेब्रुवारीत कोबीवर पतंगाच्या अळ्या आणि मावा. खर्च शून्य म्हणणाऱ्याने आमच्या दुकानदाराची उधारीची वही बघावी.

बिघ्यात २ लाख. कुठला बिघा ते सांगा आधी. यूपीतला पक्का बिघा ३०२५ चौरस यार्ड, म्हणजे २५ गुंठे, आणि कच्चा बिघा त्याच्या साधारण एक तृतीयांश, आठ-एक गुंठे. गाव बदललं की बिघा बदलतो, आणि असे मेसेज नेमके त्याच्यावरच जगतात. खर्चाची बाजू तर मेसेजमध्ये नाहीच. नुसत्या बटाट्याला एकरी १२ ते १४ क्विंटल बेणं लागतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत यूपीचं सरासरी खातं पाऊण हेक्टरच्याही आत आलं, बिहारचं तर ०.३९ हेक्टर, एवढ्याशा जमिनीवाल्याने बेण्यालाच पैसे घातले तर बाकीच्याला काय घालणार?

आणि समजा सगळ्यांनी मेसेज ऐकला आणि एकाच दिवशी लावलं. मग काढणीही एकाच आठवड्यात, सगळ्या गाड्या पहाटे दिल्लीच्या आझादपूर मंडीच्या दिशेने. एका जानेवारीत आमच्या फ्लॉवरची पट्टी (विक्रीचा हिशेब) आली, त्यातून आडत, हमाली, पोती वजा जाता गाडीभाडंही सुटलं नाही, उरलेले गड्डे म्हशींनी खाल्ले. तेव्हापासून आमच्याकडे आठ कनालांत काहीच एकदम लागत नाही. पालक-मेथी एकेक वाफा दर दहा-पंधरा दिवसांनी, मुळा तीन हप्त्यांत, फ्लॉवर दोन गटांचा, आणि एक कनाल मुद्दाम रिकामा, डिसेंबरअखेर कांद्यासाठी. मेहनत जास्त आहे, जुड्या बांधायला रोज बसावं लागतं, पण एक भाव पडला तर दुसरा हातात असतो.

शेवटचं, महाराष्ट्रातही हाच तक्ता. नाशिकला कांद्याचे तीन हंगाम आहेत, पोळ, रांगडा आणि उन्हाळ, इथे मुख्य एकच. निफाडचा पारा एखाद-दोन रात्री इथल्यासारखा खाली जातो खरा, पण दुपारी ऊन असतं, इथे जानेवारीत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. मग स्नोबॉलला लागणारी सलग थंडी तुमच्याकडे किती दिवस मिळणार?

तर मामा, तुमच्या विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत काय लावायचं ते फोनवर बोलू. त्याआधी दोन गोष्टी पाठवा. विहिरीला पाणी कितव्या महिन्यापर्यंत असतं ते, आणि फ्लॉवरच्या बियांचं पाकीट घेतलं असेल तर त्याचा फोटो, दोन्ही बाजूंचा, मागे लागणीचे महिने बारीक अक्षरात छापलेले असतात. सुटं बी घेतलं असेल तर परत करून या.