बायका चर्चमधे गप्पच बसायच्या? अर्धवट फॉरवर्ड आहे हा
फॉरवर्ड फिरतोय की सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत बायकांना तोंड उघडायचीच परवानगी नव्हती. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात 14व्या अध्यायात 'गप्प राहावे' असं आहे, मान्य, पण त्याच पत्रात 11व्या अध्यायाच्या 5व्या ओवीत पौल (हे पत्र लिहिणारा ख्रिस्ती धर्मप्रचारक) म्हणतो की प्रार्थना करताना किंवा संदेश देताना बाईने डोकं झाकावं, म्हणजे बोलत होत्याच ना त्या, मुद्दा डोकं झाकायचा होता! (फॉरवर्डवाले 11वा अध्याय वाचतच नाहीत बहुतेक.) पौलाच्याच रोमकरांस पत्रात किंख्रिया गावच्या मंडळीची सेविका फिबी आहे, मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस (सेवक), पौल स्वतःलाही तोच लावतो. आणि साधारण 112 साली रोमन गव्हर्नर प्लिनीने सम्राट त्राजानला लिहिलंय की दोन गुलाम बायकांचा छळ करून माहिती काढली, त्यांना ख्रिस्ती लोक सेविकाच म्हणायचे.