इतिहासाला ऑइलपेंट

लहान गावाला इतिहास असणं ही फार अडचणीची गोष्ट. स्टँडसमोर चार गाळे काढायला जावं तर खाली कुणाची तरी समाधी निघते. तेव्हा तुमच्याही गावाला दुर्दैवानं इतिहास असेल, तर तो कसा 'जतन' करायचा, याचे अनुभवाचे चार बोल ऐका.

सुरुवात माळ्यावरून करा. तिथं पत्र्याच्या पेटीत रुमालात बांधलेले मोडी कागद असतील. घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत, म्हणजे त्यांत काही नाही, हे उघडच आहे. दिवाळीच्या साफसफाईत बंबात घाला, पाणी लवकर तापतं. वाईत या बाबतीत मोठा हलगर्जीपणा झाला. कागद राहू दिले, आणि मग इतिहासकार वि. का. राजवाडे येऊन थडकले. त्यांच्या हाती पानिपतच्या काळातली पत्रं लागली, १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. आणि एकावर भागलं नाही, पुढं एकूण २२ खंड झाले. जे प्रकरण दोन बादल्या पाण्यात मिटलं असतं, ते अजून अभ्यासकांना पुरतंय.

मग देवळाकडे वळा. काळा दगड डोळ्यांना बरा दिसत नाही. त्याला ऑइलपेंट द्या, शक्यतो गुलाबी. शिलालेख असेल तर त्यावर टाइल्स बसवा आणि टाइलवर देणगीदाराचं नाव घाला. शिलालेख वाचायला माणूस शोधावा लागतो, देणगीदाराचं नाव रस्त्यावरून दिसतं. वीरगळाला शेंदूर फासला की वीर कोण होता, हा प्रश्नच उरत नाही. जुन्या लोकांची अक्कल काय सांगावी? वाईत सरदार रास्त्यांनी १७६२ साली ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं, तेही कृष्णेच्या काठावर. पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली. आपण असतो तर नदीलाच नोटीस दिली असती.

सांगण्यासारखी गोष्ट तर मुळीच सांगू नका. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि घाटावरच्या देवळापाशी पोर्तुगिजांची घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. पोराला हे दाखवलंत की ते विचारणार, चर्चची घंटा महादेवाच्या दारात कशी? मग वसई आली, चिमाजी आप्पा आले, १७३९ आलं, अख्खी संध्याकाळ गेली. त्यापेक्षा घाटाच्या कुठल्या पायरीवर कुठला हिरो शूटिंगला बसला होता, ते सांगा. पोरगं खूश, फोटो पण निघतो.

विद्वानांचा बंदोबस्त त्याहून सोपा. चौकाला नाव द्यायचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मूळचे धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे, शिकायला वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आले आणि तिथलेच झाले. मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी वाईत बसून चालवलं. जगभरच्या नोंदी एका तालुक्याच्या गावातून! असा माणूस तुमच्या नशिबी आला तर चौकाच्या पाटीवर पदव्यांसकट पूर्ण नाव घाला. रिक्षावाल्यांना ते पेलणार नाही, ते आपोआप 'एल. जे. चौक' करतील. दहा वर्षांत पोरांना वाटेल, कुणीतरी बिल्डर असावा. काम झालं.

स्मरणिका मात्र काढाच. त्याशिवाय इतिहास जपल्यासारखा वाटत नाही. पहिल्या पानांवर आमदार, खासदार, माजी, भावी. मग अर्बन बँक, सराफ, कृषी सेवा केंद्र. मधे कुठं जागा उरली तर 'आपल्या गावाचा वैभवशाली इतिहास', दीड पान, मागच्या स्मरणिकेतून उतरवलेलं. त्यात चुका असतील तर बदलू नका. तीन वेळा छापून आली की चूक हा पुरावा होतो.

राहता राहिल्या वल्ली. अर्ध्या गावाची नाळ कापलेली सुईण. कुठल्या पुरात पाणी कुठल्या उंबऱ्याला लागलं, हे सायकलचं पंक्चर काढता काढता सांगणारा म्हातारा. यात्रेतल्या तमाशात मावशी करणारा, ज्याच्या एका वाक्यावर फौजदारसुद्धा हसायचा. यांच्यापाशी मोबाईल घेऊन बसण्याच्या भानगडीत पडू नका. फोनमध्ये जागा नसते. शिवाय ते भलतंच सांगतात. आजच्या अध्यक्षांच्या आजोबांनी ती गायरानाची जमीन कशी घेतली, हेही त्यांना पाठ असतं, आणि ते स्मरणिकेत बसत नाही.

सुईणीचं नाव विचारलंत? गाव तिला 'आक्का' म्हणायचं. पुरेसं आहे.

असा माणूस गेला की त्याच रात्री फ्लेक्स लावा: 'गावाचं चालतंबोलतं विद्यापीठ हरपलं'. खाली शोकाकुल मंडळींचे फोटो, वयानुसार नाही, पदानुसार. जाणाऱ्याचा फोटो मात्र आधीच मिळवून ठेवा. ऐन वेळी आधार कार्डावरचा लावावा लागतो, आणि मग फ्लेक्सखाली उभा राहून गाव विचारतं, हा कोण?