ते ‘शेवटचं पत्र’ मार्केस यांचं नाही

‘कर्करोगाने आजारी असलेल्या गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचं वाचकांना शेवटचं पत्र’ म्हणून एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. मार्केस म्हणजे कोलंबियाचे प्रसिद्ध कादंबरीकार. मी चिंध्यांचा बाहुला आहे हे देव क्षणभर विसरला आणि थोडं आयुष्य आणखी मिळालं तर काय काय करीन, असा त्याचा आशय. तो मार्केस यांनी लिहिलेला नाही.

ती ‘कठपुतळी’ नावाची कविता आहे. मेक्सिकोतले शब्दभ्रमकार जॉनी वेल्च यांनी ती आपल्या बोलक्या बाहुल्यासाठी लिहिली होती. २००० साली ती मार्केस यांच्या नावावर छापली गेली. मार्केस यांच्या लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाची, बातमी आधीच पसरलेली, त्यामुळे लोकांना ती खरी वाटली. आपण असं लिहू असं वाचकांना वाटावं, याचीच मार्केस यांना लाज वाटली. वेल्च यांचं श्रेय हिरावलं गेलं, हेही मला तितकंच लागतं.

त्यानंतर मार्केस यांच्या आठवणींचं पुस्तक आलं, २००४ मध्ये कादंबरी आली. ते गेले १७ एप्रिल २०१४ रोजी, मेक्सिको सिटीत. त्यांना पिवळी फुलं प्रिय, म्हणून निरोपाला वाचक पिवळे गुलाब घेऊन रांगेत उभे होते. कविता आवडली असेल तर जरूर पाठवा, पण खाली वेल्च यांचं नाव लिहा.