फक्त काम बघा

जर्मनीतल्या ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ने हॅकरांसाठी (म्हणजे चोरांसाठी नव्हे, संगणक आतून उलगडून बघणाऱ्या हौशी लोकांसाठी) आचारनियमांची एक छोटी यादी करून ठेवली आहे. त्यातला एक नियम असा: हॅकरची पारख त्याच्या कामावरून करा, रूप, वय, मूळ, प्राणिजात, लिंग, समाजातलं स्थान यांवरून नको. प्राणिजात गमतीने घुसवलेली आहे, म्हणजे उद्या एखाद्या मांजराने चांगला कोड लिहिला तर त्यालाही दार उघडं. यादी परदेशी माणसांनी केली असल्यामुळे आपल्याकडे जो शब्द सगळ्यात आधी सुचला असता तो मात्र तिच्यात नाही. जात.

हा क्लब 1981 मध्ये बर्लिनला जन्मला आणि हॅम्बुर्गला वाढला. मी राहते त्या हॅम्बुर्गमध्ये अजूनही सांगतात ती त्याची 1984 ची गोष्ट. जर्मन टपाल खात्याची बीटीएक्स नावाची ऑनलाइन सेवा होती आणि ती सुरक्षित असल्याचं खातं छातीठोकपणे सांगायचं. क्लबवाल्यांनी हॅम्बुर्गच्या एका बचत बँकेचा पासवर्ड वापरला आणि आपलंच एक पैसे भरून बघायचं पान रात्रभर पुन्हापुन्हा उघडत ठेवलं. दर वेळचे 9.97 मार्क. सकाळपर्यंत बँकेच्या नावावर सुमारे 1 लाख 35 हजार मार्क चढले होते. मग सगळं जाहीर करून पैसे सोडून दिले. या उद्योगातला वाऊ हॉलंड 2001 मध्ये गेला, पण हॅम्बुर्गच्या जुन्या हॅकरांमध्ये त्याचं नाव निघालं की आवाज जरा खाली येतो. त्याने कंपनी काढली नाही, पैसा केला नाही. आपल्याकडे संगणकातला आदर्श म्हटलं की पिचाई, नाडेला, अलीकडे झोहोचे वेम्बू. सगळे कंपन्यांचे प्रमुख किंवा संस्थापक. हा फरक मला आवडतो, हे आधीच सांगून टाकते.

नाताळ आणि नववर्ष यांच्यामधल्या चार दिवसांत क्लबचा मेळा भरतो. हजारो माणसं येतात आणि कोट सांभाळण्यापासून केबल ओढण्यापर्यंत सगळी कामं स्वयंसेवक करतात. मीही करते. बिल्ल्यावर जे टोपणनाव लिहाल ते तुमचं नाव. आडनाव कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. आपल्याकडे आडनाव ऐकलं की समोरच्याच्या डोक्यात एक कप्पा उघडतो आणि आपण त्यात जाऊन बसतो. माझं आडनाव पुण्यात दारं उघडणारं होतं. इथे ते कुणाला उच्चारताही येत नाही.

आता घरचा वाद. सीईटीचा निकाल लागून कॅप राउंड सुरू झाले की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मेरिटचं भांडण पेटतं. बाजू ठरलेल्या, वाक्यंही ठरलेली. यंदा एकाने नवा बाण काढला: “लिनक्समध्ये आरक्षण आहे का? तरी जग त्याच्यावर चालतंय.” त्यावर बरेच अंगठे आले. मला उद्देशून, “तू तर त्याच लोकांत राहतेस, सांग की.”

सांगते.

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहेच. 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, करतोय, केवळ छंद म्हणून, असं जाहीर केलं (तेच पुढे लिनक्स), तेव्हा त्याला कुणी पदवी विचारली नाही. पॅच, म्हणजे कोडातल्या दुरुस्त्या, पाठवणाऱ्यांनाही विचारली नाही. पुण्यात ‘जीएनयूनिफाय’ हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं तेव्हा लहान गावांतल्या, नाव न ऐकलेल्या कॉलेजांतली मुलं स्वतः केलेलं काम घेऊन यायची आणि कॅम्पसच्या रांगेत ज्यांना कुणी उभं केलं नसतं त्यांच्याशी बडे लोक तासतासभर बोलायचे. लिनक्सवर धंदा करणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनियरांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला लोहित फॉन्ट लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या बहुतेकांनी वापरला आहे, तो कुणी केला हे न विचारता. हे सगळं खरं आहे आणि मी ते हलक्यात घेत नाही.

पण लिनस टोरवाल्ड्सच्या गोष्टीची सुरुवात 1991 मध्ये होत नाही. त्याचे आजोबा हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी कमोडोर व्हिक-20 घेतला आणि नातू मांडीवर बसून त्यावर शिकला. आईवडील पत्रकार. फिनलंडमध्ये विद्यापीठाला फी नव्हती. ज्या 386 संगणकावर लिनक्स लिहिलं गेलं तो त्याने विद्यार्थी कर्जाच्या आधाराने, हप्त्यांवर घेतला. यात त्याचा दोष नाही आणि त्याची बुद्धी यामुळे तसूभर कमी होत नाही. पण पुण्यात प्राध्यापकांच्या घरांतल्या मुलांनाच पहिला संगणक कसा मिळाला, हे आमच्या ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना स्वतःच्या घरावरून माहीत आहे. त्याला आम्ही मेरिट म्हणायचो.

असं काम करायला मोकळी संध्याकाळ लागते. जर्मनीत पाच-साडेपाचला लॅपटॉप मिटतो, वर्षाला सुमारे सहा आठवडे सुट्टी असते, शिक्षणाचं कर्ज डोक्यावर जवळजवळ नसतं; इथला माणूस फुकटात कोड लिहितो तो याच्या जोरावर. डोंबिवलीहून लोकलने जाऊन-येऊन रात्री नऊला घरी पोचणाऱ्या मुलीने ‘कोड दाखव’ या परीक्षेला कधी बसायचं? आणि इथेही सगळं आलबेल नाही. ईमेल कूटबद्ध करणाऱ्या जीएनयूपीजीचा कर्ता व्हेर्नर कोख ड्युसेलडॉर्फजवळच्या एर्कराथमध्ये घरात बसून एकट्याने ते सांभाळायचा. अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणाऱ्या स्नोडेननेही तेच वापरलं होतं. सरासरी वर्षाला सुमारे 25 हजार डॉलरवर तो कसाबसा तगून होता, हे 2015 मध्ये बातमी छापून आल्यावर जगाला कळलं आणि मग पैशांचा पाऊस पडला. आता जर्मन सरकारनेच अशा कामांसाठी 2022 पासून निधी काढला आहे. उशिरा, पण काढला.

आता कौतुकाच्या माणसांकडे वळते, कारण ‘फक्त काम बघा’चा खरा भाव तिथे कळतो.

रिचर्ड स्टॉलमन नसता तर मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता, वाटता येतो असं सॉफ्टवेअर, हा विचारच या रूपात नसता. एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर अडकायचा. तो सुधारायला त्याने कोड मागितला तर ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेचा करार दाखवून नकार दिला. त्या नकारातून पुढे 27 सप्टेंबर 1983 ची जीएनयू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची घोषणा, मजकूर आणि कोड लिहायचं जीएनयू एमॅक्स, कोड यंत्राच्या भाषेत नेणारा जीसीसी आणि कोड मुक्तच राहावा म्हणून केलेला 1989 चा जीपीएल परवाना आला. हा माणूस आपल्या भाषणांत झगा घालून, डोक्यामागे जुन्या डिस्कची तबकडी प्रभामंडळासारखी लावून ‘संत’ बनायचा. लोक हसायचे. त्याच खेळात एमॅक्स न वापरलेल्या बायकांवरचा एक विनोद असायचा. त्यावर बायकांनी आक्षेप घेतले तेव्हा ‘विनोद कळत नाही’ असं त्यांनाच ऐकवलं गेलं. 2019 मध्ये एपस्टीन प्रकरणात त्याने आपल्या दिवंगत सहकाऱ्याची बाजू घेत जे लिहिलं त्यावरून वादळ उठलं, आणि त्याने एमआयटी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन दोन्ही सोडलं. मार्च 2021 मध्ये तो फाउंडेशनच्या मंडळावर परत आल्याचं जाहीर झालं. त्याला काढा म्हणून हजारो सह्या, राहू द्या म्हणून त्याहून जास्त हजारो सह्या. रेड हॅटने फाउंडेशनचा निधी थांबवला.

त्या दिवसांत घरून आलेले मेसेज मला जास्त बोलके वाटले. “एवढं केलंय त्या माणसाने, थोडं चालायचंच.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. गायनाच्या गुरूंबद्दल, नाट्यदिग्दर्शकांबद्दल, कॉलेजातल्या एका सरांबद्दल, आणि गल्लीतल्या प्रत्येक साहेब, दादा, भाऊंबद्दल. म्हणजे गंमत बघा: काम बघा, माणूस बघू नका हा नियम दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसासाठी लावला तर तो न्याय. आत बसलेल्या मोठ्या माणसासाठी लावला की तेच माफीपत्र. नियम एकच, फक्त कुणाला लागू होतो ते बघायचं. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधानसभेत राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीकडे नेणारा रस्ता असल्याचं बजावलं होतं. ते वाक्य आपण फलकांवर लिहितो आणि फलकाखाली साहेबांचा फोटो लावतो.

हॅकरांच्या बाजूने एवढं बोलेन की त्यांनी स्वतःच्या हातांनी अशी एक वस्तू केली आहे जिला कर्त्याची गरज उरत नाही. सप्टेंबर 2018 मध्ये टोरवाल्ड्सने आपल्या शिवराळ ईमेलांबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे बाजूला झाला. लिनक्सची 4.19 ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमनने काढली. जगातले सर्व्हर चालू राहिले. त्याच वर्षी पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा जनक खीडो व्हान रॉसम पायउतार झाला, तर लोकांनी निवडून दिलेलं मंडळ आलं. स्टॉलमनचा परवाना स्टॉलमनवर निष्ठा मागत नाही. मी हे सगळं एमॅक्समध्येच लिहितेय आणि त्याच्या भाषणाला मात्र जाणार नाही.

डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स प्रकल्पाचं मला विशेष वाटतं. तिथे दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते आणि 1998 पासून लिखित संविधान आहे. स्टॉलमन परतल्यावर काय म्हणायचं यावर त्यांनी एप्रिल 2021 मध्ये मतदान घेतलं. राजीनामा मागा, पाठिंबा द्या, मधले सगळे रंग, असे आठेक पर्याय होते. जिंकला तो ‘याबद्दल डेबियन काहीही बोलणार नाही’ हा. आमच्या ग्रुपवर याला पळपुटेपणा म्हणाले. मला तसं वाटत नाही. कुणी कसं मत दिलं हे तिथे तेव्हा नावानिशी प्रसिद्ध होत असे, आणि कुठलीही बाजू घेतली तरी छळ होईल या धास्तीत लोक होते. मग पुढच्याच वर्षी त्यांनी पुन्हा मतदान घेऊन मत गुप्त केलं. पुढाऱ्याबद्दल वाद झाला तर घटना दुरुस्त करायची, ही सवय आपल्या एखाद्या सहकारी पतसंस्थेला तरी लागली आहे का?

अनोळखी माणसाला फक्त कामावर जोखलं की काय होतं, त्याचा दुसरा टोकाचा धडा मार्च 2024 मध्ये मिळाला. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधंसं सॉफ्टवेअर फिनलंडचा लासे कोलिन सांभाळत होता, बिनपगारी, आणि 2022 मध्ये त्याने स्वतःच्या मानसिक त्रासाबद्दल उघड लिहिलंही होतं. तेव्हा काही जणांनी त्याच्यामागे धोशा लावला की तुला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हातात दे. त्यातलं एक नाव ‘जिगर कुमार’. ही माणसं बहुधा नव्हतीच. मदतीला आला ‘जिया तान’, ज्याने दोनेक वर्षं नीटनेटकं काम करून विश्वास मिळवला. कोण, कुठला, कुणी विचारलं नाही, विचारणं असभ्य. त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खुपलं म्हणून तो सापडला, नाहीतर जगभरच्या लिनक्स सर्व्हरांची किल्ली गेली होती. फ्रॉइंडला शोधता आलं कारण कोड उघडा होता. कोलिनला कुणी, बाबा, तू बरा आहेस ना, असं खऱ्या मनाने विचारलं असतं तर गोष्ट इथवर आली असती का, ते मला सांगता येत नाही.

आणि जात. ती विमानात बसत नाही अशी आपली समजूत. 2020 मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीवर खटला भरला तो भारतीय वरिष्ठांनी दलित इंजिनियरशी जातीवरून भेदभाव केल्याच्या आरोपावरून. दोन वरिष्ठांवरचा खटला पुढे मागे घेतला गेला. 2023 मध्ये तिथल्या विधिमंडळाने जातीचा स्पष्ट उल्लेख असलेलं विधेयक मंजूर केलं, ते गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून फेटाळलं. इथे जर्मनांना माझ्या आडनावातलं काही कळत नाही. हॅम्बुर्गच्या मराठी मंडळातल्या गणपतीला मात्र पहिल्या पाच मिनिटांत “मूळचे कुठले?” होतं आणि ते गावापुरतं नसतं.

तेव्हा लिनक्समध्ये आरक्षण आहे का? त्या नावाचं नाही. पण लिनक्सवरचा दर्शनी पडदा बनवणाऱ्या जीनोम प्रकल्पाच्या लोकांनी 2006 मध्ये आपल्या उन्हाळी कामासाठी आलेल्या अर्जांत एकही बाई नाही हे बघितलं, आणि बायकांसाठी वेगळं, पगारी काम काढलं. त्यातून आज ‘आउटरीची’ चालतं. ज्यांना या धंद्यात भेदभाव सोसावा लागतो त्यांनाच अर्ज करता येतो, आणि तो का व कसा सोसला हे अर्जात लिहावं लागतं. भारतातल्या कितीतरी मुली त्यातून आल्या आहेत. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, 2013 पासून त्यात आहे. आलेल्या मुलींचे पॅच इतरांसारखेच तपासले जातात, नाकारले जातात, घेतले जातात. 2018 मध्ये एलएलव्हीएम या कंपायलरच्या (कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) प्रकल्पातला एक जुना जाणता प्रोग्रामर प्रकल्प सोडून गेला आणि कारणांमध्ये त्याने आउटरीचीशी असलेला संबंध दिला: काही गटांनाच संधी देणं त्याला पटत नव्हतं. त्याचं पत्र मी ग्रुपवर टाकलं, नावाशिवाय. दोघांनी विचारलं, हा कुठल्या बॅचचा?