पाच डिस्ट्रो बदलले, गेम तिथेच अडला

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, ह्याच्यावरपण नाही चालत." ह्याच्यावर म्हणजे पंधरा दिवसांतल्या पाचव्या लिनक्स डिस्ट्रोवर (विंडोजऐवजी वापरायच्या लिनक्सचा एक तयार प्रकार). तिसऱ्या-चौथ्याची तर मला खबरच नव्हती. डिस्क पुसायची, नवा डिस्ट्रो टाकायचा, स्टीम (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं व्हॉल्व्ह कंपनीचं ॲप) उतरवायचं, गेम बंद पडला की पुढचा डिस्ट्रो, असं चाललं होतं. या पुसापुशीत कॉलेजच्या प्रोजेक्टचं फोल्डरही गेलं, हे मला नंतर बहिणीकडून कळलं.

हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर त्याने एक फॉरवर्ड पाठवला. त्याचा सारांश असा: उबुंटू, मिंट, डेबियन हे ऑफिसच्या कामाचे, गेमला निरुपयोगी. 'गेमिंग डिस्ट्रो' टाकला की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) दीडपट. विंडोजचे सगळे गेम आता लिनक्सवर चालतात, एखादा चालला नाही तर तुमचा डिस्ट्रो चुकीचा. मिटिगेशन्स (प्रोसेसरच्या दोषांवरचे सुरक्षा-उपाय) बंद करा, फुकटचा वेग मिळेल. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर लिनक्सचा नाद सोडा. आणि शेवटी हे सगळं आपोआप करणारी एका ओळीची कमांड: टर्मिनलमध्ये चिकटवा, एंटर मारा.

"एखादा चालला नाही तर डिस्ट्रो चुकीचा." पोराचे पंधरा दिवस खाल्ले ते या वाक्याने. गेम चालेना, डिस्ट्रो वाकडा! त्याला खेळायचा होता एक ऑनलाइन शूटर, आणि त्या शूटरला अँटी-चीट, म्हणजे फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम, आहे. वाइन किंवा स्टीममधलं प्रोटॉन ही साधनं गेमचं विंडोजशी चाललेलं बोलणं लिनक्सला समजेल असं करून देतात, पण ते प्रोग्रॅमच्या पातळीवर. व्हॅलोरंट या गेमच्या व्हॅनगार्डसारखं अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, ड्रायव्हर बसवतं. तो ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये बसणार तरी कसा? मग डिस्ट्रो कुठलाही घ्या.

दुसरी तऱ्हा इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अँटी-चीटची. सप्टेंबर २०२१ मध्ये दोघांनीही प्रोटॉनला पाठिंबा दिला, पण तो चालू करायचा की नाही हे गेम बनवणाऱ्या कंपनीने ठरवायचं. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर छान चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने चीटिंगचं कारण देऊन लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. उबुंटूवाला, आर्चवाला, फेडोरावाला, स्टीम डेकवाला, सगळे एकाच दिवशी बाहेर. जीटीए ऑनलाइनचंही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बॅटलआय आल्यावर तेच झालं. डिस्ट्रो बदलून जो प्रश्न सुटतच नाही, त्यासाठी एखाद्याला पाच वेळा डिस्क पुसायला लावणं याला मी तरी मदत म्हणणार नाही.

आता मला सगळ्यात जास्त हसू आलेला मुद्दा. "डेबियन, उबुंटू गेमला निरुपयोगी."

स्टीममधून प्रोटॉनवर गेम सुरू केलात की तो तुमच्या डिस्ट्रोच्या लायब्रऱ्यांवर (प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामायिक फाइल्स) चालत नाही. स्टीम स्वतःचा संसार बरोबर घेऊन येतं. त्याला स्टीम रनटाइम म्हणतात. तो एक कंटेनर, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळा कप्पा, असतो आणि गेम त्याच्या आत राहतो. या रनटाइमच्या पिढ्यांना स्काउट, सोल्जर, स्नायपर अशी टीम फोर्ट्रेस या गेममधल्या पात्रांची नावं आहेत. प्रोटॉन ८, ९ आणि १० चालतात ते स्नायपरवर. आणि स्नायपर कशापासून बनलाय? डेबियन ११ पासून. त्याच्या आधीचा सोल्जर डेबियन १० पासून, आणि सगळ्यात जुना स्काउट उबुंटू १२.०४ पासून. हे मी मनाचं सांगत नाही, रनटाइम बनवणाऱ्या व्हॉल्व्हच्याच कागदपत्रांत लिहिलंय आणि कोड सगळ्यांना बघायला खुला आहे. म्हणजे मेसेज लिहिणारे महाशय त्यांच्या त्या चकचकीत गेमिंग डिस्ट्रोवर बसून डेबियनला नावं ठेवत होते, आणि खाली त्यांचा गेम डेबियनच्याच घरात भाडेकरू म्हणून राहत होता.

बाहेरून आत येतात त्या मोजक्या गोष्टी: कर्नल, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (एएमडी आणि इंटेलला मेसा, एनव्हिडियाला त्यांचा स्वतःचा) आणि ग्लिबसी ही मूळ लायब्ररी, तीही रनटाइममधली आणि बाहेरची यांतली जी नवी असेल ती. विंडोजच्या डायरेक्टएक्स ९ ते ११ या ग्राफिक्स-भाषेचं लिनक्सवरच्या व्हल्कनमध्ये रूपांतर करणारं डीएक्सव्हीके आणि डायरेक्टएक्स १२ साठीचं व्हीकेडी३डी-प्रोटॉन ही दोन्ही प्रोटॉनच्या पोटातच येतात. खरं जड काम तीच करतात आणि ती सगळ्या डिस्ट्रोंवर सारखीच. तेव्हा दोन डिस्ट्रोंवर कर्नल आणि मेसा जवळपास एकाच आवृत्तीचे असतील, तर दीडपट एफपीएस येणार कुठून? गेमिंग डिस्ट्रोवाले शेड्युलर (कुठल्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणारा भाग) बदलतात, कर्नल वेगळा बांधतात, त्याने कधीकधी थोडा फरक पडतो, फ्रेमचे झटके कमी होतात. नाही असं नाही. पण बराचसा भाग मुळातल्या कर्नलमध्येच येत गेलाय. गेमच्या अनेक कामांचा मेळ घालणारी फ्यूटेक्सची सोय कर्नल ५.१६ मध्ये आली, त्याच कामाची एनटीसिंक ६.१४ मध्ये. ही कुणा एका डिस्ट्रोची मिरास नव्हे.

मेसेजबरोबर पुरावा म्हणून दोन स्क्रीनशॉट होते. एकात आकडा कमी, दुसऱ्यात जास्त, सीन वेगळे. आणि पहिल्यांदा चालवलेला गेम शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार करत असतो तेव्हा अडखळतो, दुसऱ्यांदा तोच गेम लोण्यासारखा चालतो. जुन्या डिस्ट्रोवर पहिली फेरी आणि नव्यावर तिसरी मोजली, तर नवा जिंकणारच.

बरं, अर्धं खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजाने. मार्च २०२५ मध्ये आलेलं रेडिऑन आरएक्स ९०७० घेतलंत आणि २०२३ चा डेबियन १२ टाकलात, तर त्यातला कर्नल ६.१ आणि मेसा २२.३ त्या कार्डाला ओळखणारच नाहीत. नवं हार्डवेअर असेल तर नवा डिस्ट्रो घ्या, इतकं बरोबर. दुसरं, कर्नलची एक मर्यादा असते, मॅक्स मॅप काउंट: एका प्रोग्रॅमला मेमरीचे किती तुकडे वेगवेगळे धरून ठेवता येतील तो आकडा. मुळात तो ६५,५३०. काही मोठे गेम तो ओलांडतात आणि काहीही न सांगता बंद पडतात. फेडोराने ३९ व्या आवृत्तीत तो दहा लाखांच्या वर नेला, उबुंटूने २४.०४ मध्ये वाढवला, व्हॉल्व्हच्या स्टीमओएस या लिनक्सवर तो त्याहून कितीतरी मोठा आहे. जुन्या डिस्ट्रोवर गेम बंद पडतो आणि नव्यावर चालतो, यामागे कधीकधी ही एवढीशी गोष्ट असते, आणि ती सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून सुटते. तिसरं, उबुंटूबद्दल एक तक्रार खरी आहे: त्यांच्या स्नॅप या पॅकेज-प्रकारातल्या स्टीमने इतके घोळ घातले की जानेवारी २०२४ मध्ये व्हॉल्व्हच्याच माणसाने ते टाळा, आमचं डेब पॅकेज वापरा असं जाहीर सांगितलं. पण तो दोष त्या स्नॅपचा. उबुंटूवर डेब टाकलं की झालं.

आता मिटिगेशन्स. इथे मला हसू येत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरमधली भगदाडं जगाला कळली. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या, किंवा थेट कर्नलच्या, मेमरीतलं वाचता येऊ शकतं असा तो प्रकार. कर्नलने त्यावर जी ठिगळं लावली ती म्हणजे मिटिगेशन्स. त्यांचा खर्च येतो तो मुख्यतः प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यात ये-जा होते तेव्हा. डेटाबेस, सर्व्हर अशी ये-जा सतत करतात. गेमचा बहुतेक वेळ जातो ग्राफिक्स कार्डात आणि स्वतःच्या हिशोबात. जुन्या प्रोसेसरवर थोडाफार फरक दिसेलही. पण नव्या प्रोसेसरमध्ये बरेचसे उपाय हार्डवेअरमध्येच आहेत. एएमडीचे रायझन ७००० प्रोसेसर आले तेव्हा, २०२२ मध्ये, फोरॉनिक्स या लिनक्सच्या वेबसाइटने मोजून बघितलं, तर मिटिगेशन्स बंद केल्यावर काही चाचण्यांमध्ये वेग उलट कमी झाला. फुकटचा वेग म्हणे!

आणि ज्या मशीनवर गेम, त्याच मशीनवर पोरगा ब्राउझर उघडतो, बँकेत लॉगिन करतो, कुठून कुठून मॉड उतरवून चालवतो. चार फ्रेमसाठी दाराची कडी काढून ठेवायची? बरं, त्या चार फ्रेमसुद्धा मिळाल्याच तर.

त्या एका ओळीच्या कमांडबद्दल फार लिहीत नाही. ती कुठल्यातरी पत्त्यावरून स्क्रिप्ट उतरवते आणि न वाचता सुडोने, म्हणजे पूर्ण अधिकार देऊन, चालवते. २०२१ मध्ये यूट्यूबवाल्या लायनस सेबॅस्टियनने पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम टाकायला घेतलं, तेव्हा पॅकेजमधल्या चुकीमुळे अख्खा डेस्कटॉपच उडाला होता. तिथे निदान सिस्टिमने धोक्याचा इशारा दिला होता आणि "येस, डू ॲज आय से" असं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं होतं. या स्क्रिप्टमध्ये तेवढंही नाही. मी उघडून वाचली: प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' म्हणायची सोय करून ठेवलीय.

एनव्हिडियाचं म्हणणं पाच वर्षांपूर्वीचं आहे. आज ड्रायव्हर नीट बसतो, डायरेक्टएक्स १२ च्या काही गेममध्ये विंडोजपेक्षा मागे पडतं. नाद सोडण्यासारखं काही नाही.

राहता राहिला भाचा. शूटरचं कारण कळलं, पण त्याचे दोन साधे, एकट्याने खेळायचे गेमही पाचही डिस्ट्रोंवर सुरू होऊन लगेच बंद पडत होते. रविवारी मी त्याच्या शेजारी बसलो. स्टीमचं स्टोरेज उघडलं. पाचही वेळा त्याने गेमची लायब्ररी (गेम ठेवायचं फोल्डर) न पुसलेल्या दुसऱ्या, विंडोजच्या जुन्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच ठेवली होती, पुन्हा डाउनलोड नको म्हणून. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी त्याच लायब्ररीत एक खोटं विंडोज उभं करतं. त्यात 'सी' आणि पुढे कोलन अशा नावाची लिंक असते. एनटीएफएसवर विंडोजला नावात कोलन चालत नाही. डिस्क लिनक्सला कशी जोडलीय (माउंट झालीय) त्यानुसार एकतर ती लिंक बनतच नाही, किंवा बनते आणि मग विंडोज ती डिस्क बिघडली समजून दुरुस्त करायला घेतं. डिस्ट्रो पाच बदलले, डिस्क तीच.

गेम लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर हलवले. दोन्ही चालले.

"मग आता कुठला डिस्ट्रो ठेवू?"

"आहे तो. आणि तो मेसेज तू किती जणांना पाठवलास?"

चौघांना. सध्या तो त्यांना फोन लावतोय.