40 मिनिटं गप्प बसवत नाही?
परवा रत्नागिरीत एकांकिका बघत होतो. म्हातारा नवरा, सगळं विसरत चाललेल्या बायकोच्या केसांना तेल लावतोय. संवाद नाही, फक्त वाटीत बुडणारी बोटं. माझ्या घशात आवंढा. आणि मागून रिंगटोन! वर, "हां, बोल, नाटकातच आहे." अरे, मग नाटकात राहा ना! कुणी वेफर्सचं पाकीट फोडतंय, कुणी आपल्या पोराची एकांकिका संपली म्हणून अख्खं कुटुंब घेऊन उठतंय. पुढच्या पोरांनी काय रिकाम्या खुर्च्यांसमोर करायचं? आमच्या जत्रांत दशावतार पहाटेपर्यंत चालतो, माणसं थंडीत चादर गुंडाळून बसतात. मग दोन जिवांच्या प्रेमाला 40 मिनिटं जड होतात? ती शांतताही तालमीत महिनाभर घासलेली असते हो!